पासिंग

ओम्नीचं काळीज ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं.
आधी ऊब लागते, मग चटका.
मधे मी गोधडीची एक घडी टाकलीय.

पहाटे साडेपाचला सीट उचलते,
हे पायरीवर बसून ऐकतात.
साखरेनं डोळे नेले, रस्ता दिसत नाही,
कान मात्र अजून उद्यमनगरात कामाला जातात.
"तिसरा प्लग," म्हणतात.
तिसरा काढते. काजळी.
पॉलिश पेपरनं घासते, फुंकते, बसवते.
नव्याला दीडशे.
हा फुंकरीवर अजून महिना काढेल.

दुधाच्या हिशेबाची वही आहे,
मागच्या पानापासून गाडी सुरू होते:
क्लच केबल, जुनी, भंगारातली, नव्वद.
आरशाची काच, बाथरूममधल्या आरशातून कापून, शून्य.
वायपरची मोटर, "पावसाळ्याआधी",
पेन्सिलनं लिहिलंय. साल दोनदा खोडलंय.

मधल्या सीटच्या पायाशी
गंजानं पत्रा खाल्ला होता.
शर्वरीची पेन्सिल तिथनं पडली फुलेवाडी नाक्यावर
आणि आठही पोरं वाकून बघत बसली
खालून पळणारा रस्ता.
"काकू, अजून एक भोक पाडूया की!"
मला रात्रभर झोप नाही.
सकाळी बाबालालनं तेलाचा डबा कापून
वेल्डिंग मारलं, पैसे म्हणाला, "राहू दे, चहा पाज."
त्या पत्र्यावर अर्धं सूर्यफूल आहे अजून.
मॅटखाली पोरं पायानं चाचपतात.

राहिले टायर.
नखानं शोधलं तरी रेघ सापडत नव्हती.
पासिंगला टायर मागून आणायची रीत आहे,
मुलगी बघायला जाताना कोट मागावा तशी.
चौगुल्यांची ओम्नी गणपतीतच बाहेर पडते,
मंडळाचे स्पीकर वाहते, बाकी वर्ष छपराखाली.
त्यांनी चार चाकं काढून दिली,
गाडी विटांवर ठेवली.
"संध्याकाळपर्यंत आणा वैनी, बिचारी अनवाणी हाय."

साहेब वाकले. अंगठा खाचेत घालून बघितला.
दिवे, हॉर्न, रिफ्लेक्टरची पट्टी,
औषधाच्या डब्यात कापूस आहे का कापूस.
शिक्का.

येताना गंगावेशीत
धार काढून झालेली एक म्हैस
कुणाला न विचारता आडवी आली.
मी ब्रेक दाबला
आणि गाडी थांबली.
म्हणजे, जिथं सांगितलं तिथं.
पुढे वितभर नाही, वाकडी होऊन नाही,
नुसती थांबली.
म्हशीनं माझ्याकडं बघितलं, गेली.
मी मागं वळून रिकाम्या सीटा मोजल्या.
आठ.
तीन वर्षं मी लांबून ब्रेक मारत होते,
आणि त्याला माझं कसब समजत होते.

चौगुल्यांच्या दारात जॅक काढला,
पण लावला नाही.
"तुमच्या प्रणोतीला पुढच्या वर्षी शाळेत सोडते,
जूनपासून मार्चपर्यंत. पैसे नकोत.
ही चाकं राहू देत."
चौगुले विटांवरच्या गाडीकडं बघत
मनात गुणाकार करत राहिले.
"गणपतीला काय करू?"
"स्पीकर मी नेते."
"आणि तुमची जुनी चाकं?"
"आडवी ठेवून त्यात अळू लावा.
पण कुणाला पासिंगला देऊ नका."
हसले. म्हणजे झालं.

वहीत लिहिलं: चार टायर, एक शीट, दहा महिने.
खाली: स्पीकर, अकरा दिवस.
पेननं.

हे मात्र नंतरचं.
आधी मी गल्लीत शिरले,
तर हे पायरीवरनं उठून उभे राहिले,
हात भिंतीला, मान तिरकी,
परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाले,
"कुणाची गाडी?"

"आपलीच."

थोडं ऐकलं अजून.
"रस्ता धरून चाललीय," म्हणाले.
मग परत बसता बसता,
"तिसरा प्लग मात्र बदल."