मापाचा कागद

दरसाल जोतिबाच्या चैत्री यात्रेआधी
कस्तुरीचा पाय कागदावर ठेवून
पेन्सिल फिरवतो मी.
सुभाषनगरात बसून अख्ख्या गावाचे पाय मोजले,
घरचा तेवढा
तीन वर्षं तोच निघाला.
आधी वाटलं, पेन्सिलच बोथट झालीय.

सीपीआरच्या डॉक्टरीणबाईंनी
मनगटाचा फोटो उजेडाला धरला.
म्हणाल्या, हाडं अजून चार वर्षांची आहेत.
पोरगी आठची.

मग चौकोन काढले, गोल काढले.
माझा चौकोन अर्धा काळा, वैजूचा गोल अर्धा,
आणि दोघांच्या रेघा वर चढत
एकाच आजोबाला जाऊन मिळाल्या.
वैजू माझ्या मामाची.
घरातली पोरगी घरात आली म्हणून
आईनं केवढ्या हौसेनं ओटी भरली होती.

येताना रिक्षात कुणी कुणाला बोल लावला नाही.
रिक्षाही फार खडखडत होती.

आता रोज रात्री नऊला सुई.
औषधाचं पेन सायराभाभींच्या फ्रिजात,
दह्याच्या पातेल्यामागं.
त्याची किंमत काही दिवस
चपलांच्या जोडांत मोजली, मग सोडून दिली.
कस्तुरी आपणच मांडी पुढं करते,
दहापासून उलटे आकडे म्हणते.
तीनावर मी डोळे मिटतो.
ती नाही मिटत.

काल जुन्या मापावर नवा कागद ठेवला.
अंगठ्यापाशी रेघ
एक सूत पुढं.

वैजूला लगेच हाक मारली नाही.
आधी रापीला धार लावली.