तीन तोळे

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल, वर साठचा दिवा.
रटलंडमध्ये मार्च म्हणजे नुसतं म्हणायला;
बाहेर गुडघाभर बर्फ.
पाचांतली चार टुणटुणीत.
हे मान टाकून.

कोमट कापसानं त्याचं बूड पुसतो,
चिकटलेलं सोडवतो, पिसं न उपटता.
ड्रॉपरनं साखरपाणी, चोचीच्या कडेला एक थेंब.
गिळलं.
थांबून, अजून एक.

जिन्यात अन्वी, सुट्टीला आलेली.
"बाबा, तीन वाजलेत."

तिला कांजिण्या आल्या तेव्हा
मी शिकागोत होतो, कुठल्याशा मीटिंगला.
त्या कंपनीचं नावसुद्धा आता आठवत नाही.

ती फरशीवर बसते, ओंजळ पुढे करते.
तीन तोळ्यांची धडधड
मी तिच्या हाती देतो.

पिल्लू डोळे मिटतं.
झोपेनंच, बहुतेक.