पाण्याची टाकी, मेसोपोटेमियासाठी

शनिवारी दोनला निघतो. गुडघ्याला पट्टा,
गळ्यात लाल-पांढरा मफलर, खिशात शेंगांची पुडी.
सिन्सिल बँकवर आमची सीट खांबामागे,
डावीकडचा गोल निम्माच दिसतो.
आल्फ ड्रिंग म्हणायचा, तू इंजिनियर ना,
उरलेला निम्मा हिशेबाने काढ.

लिंकनला मी आलो तो एका पट्टीमुळे.
पलूसला बाबालाल मुलाण्याच्या गिरणीत इंजिन होतं,
त्याच्या पितळी पट्टीवर या गावाचं नाव.
बाबालाल रोज सकाळी चिंधीने ती पुसायचा,
मी बोट फिरवत वाचायचो: लिंकॉल्न.
त्यातला दुसरा ल मुका आहे हे कळायला
बोटीचं तिकीट काढावं लागलं.
फोरमनने विचारलं, आमच्या इंजिनांचा अनुभव?
म्हटलं, त्यांनी दळलेलं पीठ खाऊन वाढलोय.
तो हसला नाही. पण घेतलं.

पस्तीस वर्षं टेस्ट बेडवर.
फाटकावरची पाटी बदलत गेली,
इंग्रज, मग दुसरे इंग्रज, मग फ्रेंच, मग जर्मन.
चहाचं मशीन तेवढं तेच, तसंच करपट.
बेअरिंग घट्ट बसवलं तर जळतं, सैल ठेवलं तर खडखडतं,
मधली जागा केसाएवढी.
ती बोटांना अजून कळते. वत्सला म्हणायची,
चपात्यांनाही मायक्रोमीटर लावा.

इथल्या म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातला रणगाडा आहे.
असले पहिले याच गावात घडले. गुपित फुटू नये
म्हणून सांगत, पाण्याच्या टाक्या आहेत,
मेसोपोटेमियासाठी.
टँक हे नाव तिथूनच चिकटलं.
आणि तो शब्दही म्हणे आपल्याकडून गेलेला,
डोंगरात कोरलेलं पाण्याचं टाकं, तेच ते.
हे वाचलं त्या दिवशी मी
त्या लोखंडापाशी बराच वेळ उभा होतो.
माझ्या आजोबांचा चुलता बाळकू
मराठा पलटणीतून कुटला गेला, सोळा साली वेढ्यात संपला.
घरी एक पदक आलं, पोरांनी त्याची भिंगरी केली.
इकडे रिव्हेट ठोकणाऱ्यांना वाटत असेल,
आपली टाकी कुणा तहानलेल्याला पोचेल.
बाळकूला टाकी पोचली नाही.
पोचणारच नव्हती.

राजकारणावर आल्फशी माझं कधी जमलं नाही.
सोळा साली (हे दुसरं सोळा)
त्याने बाहेर पडायला मत दिलं,
आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दारात आला, टोपी हातात.
‘ते तुझ्याबद्दल नव्हतं.’
मी म्हटलं, मग कुणाबद्दल?
तो वर बघत राहिला. बघत राहिला.
म्हणाला, तुझी पन्हळ गळतेय.
तासाभराने शिडी घेऊन आला.
वत्सलाने त्याला चहा दिला, मी शिडी धरली.
मनात एकदा आलं, सोडावी.

मी तरी कुठला धुतलेला?
एकोणऐंशीला मी कुणावर फुली मारली
ते युनियनला सांगितलं नाही,
वत्सलालाही नाही. ती गेली, आता विचारणारंच कुणी नाही.
तेव्हा वाटलं होतं, देश नीट चालावा, कामं वेळेवर व्हावीत.
पुढे चार वर्षांत आमच्या शॉपमधले
एकशेदहा जण घरी गेले.
वेळेवर.

आल्फच्या सीटवर आता त्याची नात बसते, जॉर्जिना.
नर्स आहे. रात्रपाळी करून येते,
पहिल्या हाफमध्ये पेंगते, दुसऱ्यात रेफरीला
आजोबांच्याच शिव्या घालते.
खांबामागे काय झालं ते मला आधी कानाने कळतं,
इंजिन बिघडायच्या आधी आवाज बदलतो ना, तसं.

आज शेवटच्या मिनिटाला चेंडू तिकडे गेला.
सगळं स्टेडियम उठलं. मी डोळे मिटून कान दिला.
‘गेला का?’ तिने विचारलं.
नाही, म्हटलं. खांबाला लागला. डाव्या.

शून्य-शून्य. गार वारा.
मी शेंगा सोलल्या, निम्म्या तिला दिल्या.