दावा क्रमांक एक

पाण्याला नाडी नसते.
खरं तर आमचं म्हणणं एवढंच होतं.
बाकीचं कागदासाठी वाढवलेलं:
‘ओल्या पृष्ठभागावरील स्पर्श ओळखण्याची पद्धत व साधन’,
बत्तीस पानं, अकरा दावे,
आणि आकृती तीनमधला एक हात,
ज्याच्याखाली नाव लिहायची पद्धत नाही.

हात चांगुणा चोगलेचा.

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी लिलाव चालायचा,
बैलगाड्या पाण्यात पोटापर्यंत शिरून टोपल्या आणायच्या,
आणि आमचा पहिला काटा, काचेच्या पडद्याचा,
तिच्या बोटाखाली अंगात आल्यासारखा नाचायचा.
चारशे दाबलं की चार हजार चारशे.
“आंधला हाय तुमचा काटा,” ती म्हणाली.
“माजा हात नि पानी त्याला येकच.”

अशफाक हमदुले त्या रात्री घरी गेला नाही.
पाजपंढरीच्या वळणावर आमची खोली,
खाली इंजिनांचे सुटे भाग, वर आम्ही दोघे
आणि पुण्याच्या भंगारातून आणलेला एक ऑसिलोस्कोप.
पहाटे त्याने मला हलवून उठवलं.
पाणी पसरतं, म्हणाला, आणि गप्प बसतं.
बोट कितीही दाबून धर, थरथरतं.
जितं असतं ना.

त्या थरथरीचा आम्ही अर्ज केला.

चार वर्षांनी जाड पाकीट आलं,
पोस्टमनने दोन ठिकाणी सही घेतली.
ज्यांच्या काचा अर्ध्या जगाच्या खिशात आहेत
त्यांनी नम्रपणे कळवलं होतं
की आमचे चाळीस काटे
त्यांच्या हक्कात घुसखोरी करत आहेत.
चाळीस. त्यातले सहा दुरुस्तीला आलेले.
अशफाक हसायला लागला
आणि मग त्याला थांबता येईना.

त्यांच्याकडे परदेशातला अर्ज निघाला,
आमच्याहून तीन आठवडे जुना.
आमच्याकडे चांगुणा निघाली.
शपथेवर विचारलं, काटा प्रथम केव्हा वापरलात?
“नारली पुनवेनंतरचा पैला लिलाव.
मुरारीच्या होरीला घोल गावली व्हती, तवा.”
दुभाष्याने त्याची इंग्रजी तारीख केली.
त्यांच्या अर्जाच्या दोन महिने आधीची.

मी टेबलाखाली अशफाकचा गुडघा दाबला.
आमच्या वकीलबाई मात्र पेन खाली ठेवून बसल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं.
अर्जाआधी गावादेखत वापरलं
म्हणजे ते उघड झालं, सगळ्यांचं झालं.
या साक्षीने त्यांचा दावा बुडतो.
आणि आपला?
आपलाही, त्याच पाण्यात.

कुठली गुप्तता पाळणार होतो आम्ही पुळणीवर?
पडदा लावून लिलाव करायचा होता का?
माणसं, कुत्री, बर्फवाले, दापोलीचे पाहुणे,
सगळ्यांनी बोटं लावून बघितली होती.
त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते.

नंतर तडजोड झाली.
रक्कम सांगता येत नाही, कलम नऊ.
कोण चुकलं तेही नाही, त्याच कलमाखाली.
एवढं सांगतो की वकिलांचं देणं फिटलं
आणि अशफाक आता दाभोळला
बर्फाच्या कारखान्याचे कॉम्प्रेसर बघतो.

परवा गेलो होतो बंदरावर.
चांगुणाकडे नातवाने दिलेला नवा फोन,
मोठ्या नावाचा. तो वाजला.
खवल्यांचा, मिठाचा, निथळता अंगठा
तिने काचेवर ओढला,
आणि फोनने तो ओळखला.

ती फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.
“ह्यो तुमचाच ना रं?”

समोर सुवर्णदुर्ग होता.
मी तो पहिल्यांदाच दिसल्यासारखा बघितला
आणि पाण्यासारखा गप्प बसलो.

तिने पुन्हा नाही विचारलं.
बांगडे काट्यावर टाकले, आमच्याच,
कोपरा तडकलेल्या काट्यावर.
एक किलो भरलं.
मग त्यावर आणखी दोन टाकले
आणि आकडा बघितलाच नाही.