पेटीची वाट

स्टिकिशहोल्मूरच्या धक्क्यावर
तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
"तीनची बोट सुटेलही. नाहीही."
मागे टेम्पोत, तीन घोंगड्यांत गुंडाळून, पेटी:
पलीकडच्या किनाऱ्यावरच्या चर्चची,
शहरातून दुरुस्त होऊन निघालेली.

हाल्बेरामावशीला बोट नको.
खारी हवा भात्यात शिरली
की सूर पडशानं बोलतात, म्हणे.
मला रस्ता नको.
प्रत्येक फ्योर्डच्या पोटात शिरायचं
आणि समोरच्या काठानं तेवढंच बाहेर यायचं,
पाच तास, वर खडीचा घाट.
"बोटीनं अडीच तासांत," मी म्हटलं.
"सुटली तर,"
आणि थर्मासचं झाकण तिनं असं आवळलं
की पुढं बोलणंच खुंटलं.

दर खड्ड्याला मागून एक सूर यायचा,
आपोआप. काळी चार.
मावशी पुटपुटायची, "शाबूत."

चौथ्या फ्योर्डला लाल छप्पर दिसलं,
हाक मारावी इतकं जवळ.
रस्ता लगेच पाठ फिरवून आत वळला.
आणि पुढच्या खड्ड्याला
सूर आला नाही.

वाऱ्यात आम्ही दोघांनी घोंगड्या सोडल्या.
कारागिराला महिनाभर न सुटलेली
ती अडकी पट्टी
सुटली होती.

खाली पाण्यावरून तीनची बोट चालली होती,
उशिरा, सगळे दिवे लावून.
मावशीनं तिला हात केला.

घाटात मी एक खड्डा चुकवला
तर म्हणाली,
"जाऊ दे की त्यातून.
पांढरी दोनही जरा अडकते."