तेवीस किलो

अदिस अबाबावरून जायचंय, म्हणून
पिवळ्या तापाची लस घेतली काल.
सव्वीस वर्षं सूरच्या या दवाखान्यात
दुसऱ्यांचे दंड धरले मी,
काल माझाच पुढे केला
तर नव्या पोरीचा हात थरथरायला लागला.
म्हटलं, टोच गं. मी बघत नाही.

फ्रिज गेला खालच्या किराणावाल्या अन्वरकडे,
पंधरा रियाल आणि वर खजुराचे दोन डबे.
पलंग कुणी घेईना.
खिडकीतला कढीपत्ता शमसाच्या अंगणात लावला.
तिथली माती त्याला मानवेल की नाही,
मला तरी कुठे माहीत होतं, आले तेव्हा.

मिरजेहून भावाचा फोन.
'पगार किती देणार?'
'नाही देणार.'
'म्हणजे, नंतर?'
'नंतरही नाही.'
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, त्याच्याकडचा.
मग म्हणाला, 'मलावीत गॅस मिळतो का?'
आशीर्वाद तो असाच देतो.

संस्थेने यादी पाठवलीय.
मच्छरदाणी, विजेरी, बंद बूट,
'अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात',
हेही यादीतच, विजेरीच्या सेलांखाली.
मी त्याच्यापुढेही बरोबरची खूण केली.

तिसऱ्या मजल्यावर घरकाम करणारी तामंदानी
रात्री कपडे वाळत घालायला गच्चीवर येते.
दीपगृह फिरतं,
खाडीतली गलबतं दिसतात नि जातात.
तिच्याकडे चिचेवा शिकते मी,
एका शब्दाला एक लाडू, असा भाव ठरलाय.
माद्झी, पाणी. म्वाना, मूल.
कुप्वेतेका, दुखणं.
'हा तुला रोज लागेल,' ती म्हणते.

गेल्या गुरुवारी चादर पिळता पिळता सहज बोलली:
ती नर्स आहे. होती.
तीन वर्षांचं शिक्षण, टोपी, शपथ, सगळं.
दोन वर्षं सरकारी जागेची वाट पाहिली,
मग एजंटाचे पैसे भरून इथे, इस्त्रीला.
गावाचं नाव सांगितलं तिने.
माझा दवाखाना तिथून बसने दोन थांबे पुढे.
'कर्मचाऱ्यांचा तीव्र तुटवडा',
असं माझ्या पत्रात लिहिलंय.

मी पत्राची घडी घातली.
उगीचच आणखी एक घातली.
ती चिमटे लावत राहिली.
मराठीत काही म्हणता आलं असतं मला,
अरबीत, मोडक्या इंग्रजीत.
चिचेवातले चौदाच शब्द माझ्याकडे,
त्यांतला एकही कामाचा नव्हता.

आज ती पिशवी घेऊन आली.
मुलीसाठी शाळेचे बूट, काळे.
पावलाचं माप आईने कागदावर काढून पाठवलं होतं, मार्चमध्ये.
'आता वाढलं असेल, म्हणून एक नंबर मोठे.'
काट्यावर बॅग चोवीस किलो भरली.
मी मेतकूट काढलं. भाजणी काढली.
निरोपसमारंभाची पितळी ढाल राहिली होती, ती काढली.
पलंगावर ठेवलं सगळं, पलंग तर आहेच.

'पहिल्या दिवशी दारात काय म्हणशील?'
तामंदानी कमरेवर हात ठेवून विचारते.
मी पाठ केलेलं वाक्य म्हणते,
मदत करायला आले आहे.
'चूक. मदत नंतर.
आधी विचारायचं, कसे उठलात.
मग ते तुला विचारतील.
तोवर बसायचं नाही, बॅग उघडायची नाही.
म्वाद्झुका ब्वांजी. म्हण.'
मी म्हणते.
'पुन्हा.'