कांडी

डॉक्टर बिराजदारांनी कार्डावर लिहिलं :
नाव कांडी. वजन साडेपाच किलो. जात मिश्र.
मिश्र म्हणजे, मी म्हटलं,
ताणा पामेरियनचा, बाणा साखर पेठेतला.

एक कान ताठ, दुसरा अर्ध्यात घडी पडलेला.
खालचा जबडा जरा पुढे,
झोपेतही दोन दात दिसतात.
शेपूट कुणाकडून आलंय, अजून ठरलेलं नाही.

मागच्या डाव्या पायाची वाटी सरकते.
तीन पावलं टाकते, चौथं गाळते,
मग पाय झटकून आपणच बसवते.
मे महिन्यात तेवढी लोकर अंगावर घेऊन
माठाखालच्या ओल्या फरशीला पोट लावून पडते,
पाणी प्यायला येणाऱ्यावर गुरगुरते.

डॉक्टरांनी नळ्या माझ्या कानांत दिल्या.
एकतीस वर्षं मागाशेजारी,
कान निम्मे गेलेले.
तरी ऐकू आलं :
खट्, खट्, खट्,
आणि मधेच फुस्स.

झडप नीट लागत नाही, ते म्हणाले.
माझा हात सवयीनं पुढे गेला होता
माग थांबवायला,
तुटलेलं टोक गाठायला.
मग तो तिच्या पाठीवरच राहिला.

अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री.
शेंगाचटणी बंद.
नरसम्मा म्हणाली, ते तिला तुम्हीच सांगा.